एकास दोन

निकिता बापाच्या हातातून माऊस काढून घेते, ही विमलाबाईंची तक्रार होती. एका रविवारच्या दोन तासांत त्यांनी मोजून अकरा वेळा पाहिलं. "पप्पा, सरका" म्हणायचं, बापाची बोटं अजून त्या डबीवर असतानाच वरून आपला हात टाकायचा, खटखट करून सगळं पुसायचं, नव्यानं काढायचं आणि वर विचारायचं, "असं. कळलं?" पन्नाशीला टेकलेला बाप मान हलवून म्हणायचा, "कळलं."

काही कळलेलं नव्हतं. आपला मुलगा सुखदेव खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो, हे विमलाबाईंना तो सात वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. त्या रविवारी पाळी लाल झाली होती.

विमलाबाई तिथं गेल्या होत्या त्या स्वतःच्या हट्टानं. कर्वेनगरात त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर भाग्यश्री मॅडमचं ऑफिस होतं. तिथं कारखान्यांसाठी कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढून द्यायचे. निकिता डिप्लोमा करून वर्षभरापूर्वी तिथं लागली होती. रविवारी ऑफिस बंद, तेव्हा चार ते सहा वडिलांना सरावाला आण, असं मॅडमनी मोठ्या मनानं सांगितलं होतं. विमलाबाई म्हणाल्या, "माझ्या पोराला ज्यानं घाम फोडलाय ते यंत्र मला एकदा बघायचंय." नको म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती.

दाराशी चपला काढायच्या होत्या. आत गालिचा, गारेगार हवा, आणि तीन टेबलांवर टीव्हीएवढे तीन कॉम्प्युटर, प्रत्येकावर कापडी झाकण. विहारात शिरताना काढतात तशा विमलाबाईंनी चपला जुळवून ठेवल्या. जिथं चपला बाहेर ठेवायला लावतात तिथं आत काहीतरी जपण्यासारखं असणार, एवढं मत त्यांनी दारातच बनवलं. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, त्यांनी मोजायला सुरुवात केली.

सुखदेवचं दुखणं असं होतं. भोसरीच्या एका पंपाच्या कारखान्यात तो चोवीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. उभा बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईचं पेन आणि पारदर्शक ट्रेसिंग कागद. एका रेघेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच जाडी. विमलाबाईंना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं, पण रेघ ओळखता यायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं एक छापील निळी प्रत घरी आणून दाखवली होती. खालच्या कोपऱ्यात, जिथं काढणाऱ्याचं नाव असतं, तिथं त्याची दोन अक्षरं होती. दुसरीत शाळा सुटलेल्या विमलाबाईंनी ती दोन अक्षरं बोट फिरवून वाचली होती.

आता नव्वद सालानंतर सगळंच बदलत चाललं होतं, तसं त्या कारखान्याचंही झालं. अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला परदेशी कंपनीशी करार झाला. ते लोक कागद घेईनात. ड्रॉइंग फ्लॉपीवर पाठवा, म्हणाले. मग कारखान्यानं कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची, खोली केली, शिकवायला अभिनव नावाचा सव्वीस वर्षांचा इंजिनीअर आणला आणि आठही ड्राफ्ट्समनांची परीक्षा ठेवली. दोन तासांत एक भाग कॉम्प्युटरवर तिन्ही बाजूंनी काढून दाखवायचा. जमलं तर कॅडच्या खोलीत, नाही जमलं तर स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे चिठ्ठी बघून नटबोल्ट काढून देणं. पगार तोच राहणार होता. रेघ मात्र पुन्हा कधी काढायला मिळाली नसती.

चार रविवार निकितानं शिकवलं, आणि पहिल्या परीक्षेत सुखदेव नापास झाला. बाकी सात सुटले. पाच पास होऊन, दोन राजीनामा देऊन. "काय चुकलं?" विचारल्यावर तो फक्त "आकडे चुकले" म्हणाला आणि जेवायला बसला. त्याच्या हाताची कदर म्हणून साहेबांनी पंधरा दिवसांनी आणखी एक संधी दिली. शेवटची. त्या पंधरवड्यात दोनच रविवार येत होते, आणि त्यातल्या पहिल्या रविवारी अकरा वेळा माऊस हिसकावला गेला.

*

संध्याकाळी विमलाबाई ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या आणि सून नंदा शेजारी मेथी निवडत होती.

"तुझी लेक मास्तरीण नाही, फौजदार आहे," विमलाबाई म्हणाल्या. "त्यानं रेघ काढली की पूस, काढली की पूस. बापाचा हात म्हणजे काय माशी आहे, उडवून लावायला?"

"वेळ कमी असतो, आई. तिलाही टेन्शन आहे."

"टेन्शन! अगं, अकरा वेळा. मी मोजलं. आणि तो शुंभासारखा कळलं, कळलं. असलं हिसकावून घेणं आमच्याकडे नव्हतं. कुणावर गेलीय कोण जाणे."

नंदानं एक जुडी बाजूला ठेवली. ती मूळची नागपूरची, आवाज कधी चढवायची नाही. त्यामुळं ती बोलली की ऐकू नीट यायचं.

"सांगू कुणावर गेलीय?"

"सांग."

"लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. आमच्याकडे पोळ्याच. पहिली थापायला घेतली, अर्ध्यात तुम्ही म्हणालात, दे इकडे. दुसऱ्या दिवशी घेतली, दे इकडे. तेवीस वर्षं झाली."

विमलाबाईंच्या हातातली भाकरी फिरायची थांबली. "मग तू शिकली नाहीस तो काय माझा दोष?"

"दोष कुठं म्हटलं? भाकरी येत नाही, एवढंच म्हटलं." आणि नंदानं पुढची जुडी घेतली.

तव्यावरची भाकरी करपली. विमलाबाईंनी ती मुकाट्यानं स्वतःच्या ताटात टाकली. उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं असं नाही. चार उत्तरं होती, चारही धारदार. घरात कामं किती असायची, पाहुणे किती यायचे, पीठ वाया घालवून चालायचं नाही, आणि सुनेनं सासूला असं बोलू नये. पण चारपैकी एकही उत्तर "मला शिकवायचं होतं" असं म्हणत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

जेवण झाल्यावर त्या बाहेरच्या खोलीत आपल्या पलंगावर बसून राहिल्या. त्यांना वेणूबाई आठवल्या. नारायण पेठेतल्या छापखान्यात विमलाबाई अठ्ठावीस वर्षं बाइंडिंगला होत्या. मोठा छापील कागद घडी घालून घालून सोळा पानांचा करायचा, पानं क्रमानं आली पाहिजेत, मग शिवायचा. हजारो पुस्तकं त्यांनी शिवली, वाचलं त्यातलं एकही नाही. पहिल्या दिवशी त्यांच्या घडीत पान चारच्या पुढं पान अकरा आलं होतं. वेणूबाई तिथल्या मुकादम, तंबाखू खाणाऱ्या आणि तोंडाच्या फाटक्या. त्यांनी कागद हिसकावला नाही. खराब छापलेल्या कागदांचा एक गठ्ठा पुढ्यात आदळला आणि म्हणाल्या, "हे सगळे नासव. नासवून झाले की हाक मार." आणि पाठ करून बसल्या. मुद्दाम पाठ करून. विमलाबाईंनी दुपारपर्यंत गठ्ठा नासवला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत पान मागंपुढं झालं नाही.

त्या पाठमोऱ्या बसण्यात काय होतं, हे त्यांना आज पहिल्यांदा जरा कळल्यासारखं झालं. सुखदेवच्या बाबतीत तर गोष्ट आणखीच वाईट होती. त्याची सगळी उमर अशा कागदावर गेली, जिथं चूक झाली की ब्लेडनं शाई खरवडावी लागते आणि जास्त खरवडलं की भोक पडतं. असा माणूस रेघ मारण्याआधी दहा वेळा विचार करणारच. आणि निकिताला वाटत होतं, बाप मंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नंदाच्या पुढ्यात परात सरकवली. "थाप," म्हणाल्या, आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून पाटावर बसल्या. नंदाची भाकरी एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं फाटलेली, मधेच लांबुळकी झाली. विमलाबाईंनी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, एक अक्षर न बोलता. ते अक्षर न बोलणं त्यांना भाकरीपेक्षा जड गेलं. पण नंदानं त्या आठवड्यात रोज एक भाकरी थापली.

*

पुढच्या रविवारी ऑफिसात शिरताच विमलाबाईंनी खुर्च्या हलवायला सुरुवात केली. सुखदेव कॉम्प्युटरसमोर. निकिताची खुर्ची त्यांनी ओढत टेबलाच्या पलीकडे नेली, यंत्राच्या पाठीमागं, जिथून पडदा दिसत नाही.

"बस इथं."

"आजी, इथून मला काय दिसणार?"

"बाप दिसतोय ना?"

"अगं, स्क्रीन दिसल्याशिवाय शिकवायचं कसं?"

"तोंडानं."

"फोनवर शिकवल्यासारखं?"

"फोनवर हात पोचत नाही, तेच बरं आहे. आज तू उठायचं नाहीस. त्यानं विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर गप्प बसायचं. आणि सुख्या, तू आज कळलं हा शब्द काढलास तर मी इथून उठून चालायला लागेन."

निकितानं डोळे फिरवले. "मंगळवारी परीक्षा आहे, आजी. आज तरी—"

"म्हणूनच."

पहिला अर्धा तास वाईट गेला. सुखदेवच्या कपाळावर त्या गार खोलीतही घाम आला. काळ्या पडद्यावर त्याच्या रेघा पांढऱ्या उमटत होत्या. आयुष्यभर पांढऱ्यावर काळं केलेल्या माणसाला ते उलटं बघायची अजून सवय नव्हती. मधेच त्यानं माऊस टेबलाच्या काठापर्यंत नेला आणि तिथंच थांबला.

"काय झालं?" पलीकडून निकिता.

"टेबल संपलं. बाण अजून तिथवर पोचला नाही."

"मग उचला आणि मागं आणून ठेवा."

"उचलू? मग बाण मागं नाही येणार?"

"नाही. उचलून तर बघा."

त्यानं उचलला, मागं ठेवला, पुन्हा सरकवला. बाण होता तिथूनच पुढं निघाला. "अरे!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की विमलाबाई दचकल्या. आज पाच आठवडे झाले होते. दर वेळी टेबल संपायच्या आत निकितानं माऊस काढून घेतलेला होता.

सराव म्हणून त्याच्यापुढं एक कागद होता. पंपाला पाईप जोडायची गोल जाड चकती, कडेनं भोकं असलेली. व्यास दोनशे चाळीस मिलिमीटर. सुखदेवनं कीबोर्डवर एका बोटानं वर्तुळाची आज्ञा टंकली आणि बराच वेळ ओठ हलवत बसला. मग आकडा दाबला.

"काढलं?" निकितानं विचारलं.

"काढलं."

"त्रिज्या किती टाकली?"

"साठ."

"साठ?" ती खुर्चीतून अर्धी उठली. विमलाबाईंनी नुसतं बघितलं. ती बसली. "पप्पा, व्यास दोनशे चाळीस आहे. त्रिज्या एकशेवीस."

"एकशेवीसच. त्याचे निम्मे साठ."

"निम्मे कशाला?"

सुखदेवनं आश्चर्यानं यंत्राच्या पाठीकडे बघितलं, जणू यंत्रानंच तो वेडगळ प्रश्न विचारला होता. "मग कागदात मावणार कसं? तिन्ही बाजू काढायच्या म्हणजे एकास दोन घ्यायलाच लागतं."

"पप्पा," निकिता सावकाश म्हणाली, "तुम्ही दर वेळी सगळं निम्मं करत होता?"

"मग! दोनशे चाळीसचे एकशेवीस, सदतीसचे साडेअठरा. बोर्डावर स्केलपट्टी असते, तीच सांगते. इथं पट्टी नाही, म्हणून मनातच करावं लागतं. त्यानंच वेळ जातो."

"परीक्षेतही?"

"हो. तिथं शेवटी मापं टाकायला गेलो, तर यंत्र आपोआप आकडे लिहायला लागलं, सगळे निम्मे. म्हटलं, यंत्राला काय कळतंय. एकेक खोडलं आणि खरे आकडे लिहिले. बोर्डावर आपण आकडे हातानंच लिहितो की. अभिनव साहेब म्हणाले, हे आकडे रेघेशी जुळत नाहीत, यावरून यंत्र भाग कापेल तर निम्मा कापला जाईल." त्यानं कानाची पाळी चोळली नाही. "मला वाटलं, मी खोडताना काहीतरी घोळ केला."

निकितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून म्हणाली, "पप्पा, यात कागद नसतोच. आत जागा हवी तेवढी आहे. पंप काढा, नाहीतर अख्खा कारखाना काढा. वस्तू जेवढी असेल तेवढीच काढायची. लहान करायचं ते शेवटी, छापताना."

"म्हणजे खऱ्या मापात?"

"खऱ्या मापात."

"चोवीस वर्षांत," सुखदेव म्हणाला, "मी एक पंप त्याच्या मापाचा काढला नाही कधी." त्यात दुःख होतं की नवल, ते विमलाबाईंना कळेना. दोन्ही असावं. मग त्यानं साठचं वर्तुळ स्वतःच पुसलं आणि एकशेवीस टाकलं. वर्तुळ पडद्याबाहेर गेलं. कसं मागं जाऊन बघायचं ते त्यानं विचारलं, निकितानं सांगितलं, आणि वर्तुळ पुन्हा सबंध दिसू लागलं.

विमलाबाईंना त्यातलं निम्मं समजलं नव्हतं. पण एक गोष्ट स्वच्छ समजली. सहा रविवार हा माणूस एक काम करताना मनात दुसरं काम करत होता, प्रत्येक आकडा भागत होता, आणि सगळ्यांनी, आईसकट, त्याला हळू ठरवलं होतं. सहा वाजले तेव्हा बापलेक बोलत होते, निकिता खुर्चीतच होती आणि भोकंही सगळी काढून झाली होती.

*

मंगळवारी सुखदेव साडेसहाला आला. त्यानं बूट काढले, मोजे बुटात कोंबले आणि खुर्चीत बसला. नंदा पाणी घेऊन उभी राहिली.

"दोन बाजू झाल्या," तो म्हणाला. "तिसरी अर्धी राहिली. वेळ संपला."

नंदानं पेला पुढं केला.

"अभिनव साहेबांनी एकेक माप तपासलं. वीस मिनिटं तपासत होते. एक चुकलेलं नव्हतं." त्यानं पेला घेतला. "म्हणाले, वेग येईल हळूहळू, माप कुणी शिकवून येत नाही. सोमवारपासून कॅडच्या खोलीत बसा. शेवटच्या मशीनवर, दाराजवळ."

"जागा दाराजवळची का असेना," विमलाबाई म्हणाल्या. "आणि बोर्ड?"

"शनिवारी काढणार. मी माझी पट्टी तेवढी मागून घेतलीय." तो उजव्या हाताकडे बघत राहिला. आनंद झाला होता त्याला, पण तो सगळा काही तोंडावर येईना. चोवीस वर्षांचा बोर्ड जायचा होता, आणि सोमवारी जिथं बसायचं तिथं तो सगळ्यांत मागं असणार होता. विमलाबाईंनी त्याला तसंच राहू दिलं. नंदा डोळे पुसत आत गेली आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

निकिता आली ती जिन्यातूनच ओरडत, "काय झालं? काय झालं?" कळल्यावर तिनं बापाला मिठी मारली, उडी मारली, आईला आतून ओढून आणलं. "बघ आजी, म्हटलं होतं ना, होतील पास! अजून एक रविवार मिळाला असता तर तिसरी बाजू पण..." आणि तिथंच ती अडली. पर्स खांद्यावरून उतरवून ती पलंगाच्या कडेवर बसली.

"रविवार तर मिळाले होते," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. "सहा. मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं की साठ का, तर पप्पा पहिल्याच परीक्षेत पास झाले असते. मी पुसून टाकत राहिले." तिनं वर बघितलं. "मला शिकवता येत नाही ना, आजी?"

"अगं, मीही कळलं कळलं म्हणत होतो," सुखदेव मधे पडला. "तुझी एकटीची—"

"तू गप," विमलाबाई म्हणाल्या. "तुझं मी नंतर बघते. तिनं मला विचारलंय." त्यांनी पाय खाली सोडले आणि नातीकडे सरळ बघितलं. "निके, तुझ्या डोक्याला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय. तुला सगळं येतं. पण समोरचा आपल्यासारखा करत नाही असं दिसलं की तुला ती चूक वाटते, आणि तू पुसतेस. तुझा बाप चुकत नव्हता. तो बरोबरच करत होता, पण दुसऱ्या खोलीतलं बरोबर. ते तुला त्याच्या रेघेत दिसायला हवं होतं. तू हुशार आहेस, बाळ. मास्तरीण नाहीस. होशील. पण पुसायच्या अगोदर वाचायला शीक."